तात्यांच्या स्मरणार्थ

मी चित्रकलेचा शिक्षक आहे. हे सांगितलं की समोरचा माणूस "बरं, आणि विषय कोणता शिकवता?" असं विचारतो. जुन्नरच्या हायस्कुलात अर्धं आयुष्य मी पोरांकडून तांब्या आणि पेरूची फोड काढून घेतली, पण आपल्याला कुणी कलावंत म्हणावं असा प्रसंग काही आला नव्हता. त्यामुळे सत्त्याण्णव साली दिवाळीनंतर घेवरचंद शेठ स्वतः आमच्या घरी आले आणि म्हणाले, "सर, तुमच्यासारखा कलावंत गावात असताना आम्ही बाहेर कशाला शोधायचं?" तेव्हा पुढचं काही माझ्या कानात शिरलंच नाही. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

घेवरचंद शेठचं बाजारपेठेत कापडाचं दुकान, आणि डोळ्यांच्या धर्मादाय दवाखान्याच्या कमिटीचे ते अध्यक्ष. दवाखान्याला मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं यंत्र हवं होतं. शेठच्या सुनेच्या ओळखीतून पुण्याच्या काही डिझायनर लोकांनी एक कल्पना काढली. घराघरातलं जुनं फर्निचर गोळा करायचं, एकेक डिझायनर आणि एकेक स्थानिक कलावंत अशी जोडी लावायची, त्यांनी मिळून त्या वस्तूला नवं रूप द्यायचं, आधी प्रदर्शन आणि मग लिलाव. यातलं 'नवं रूप' आणि 'प्रदर्शन' मी ऐकलं. 'लिलाव' म्हणताना शेठना ठसका लागला असावा, किंवा मी तेव्हा 'कलावंत' या शब्दावरच असेन.

माझ्या वाट्याला श्रेया नावाची डिझायनर आली. मूळची आंबेगावकडच्या लोणीची, पण शिक्षण पुण्यात आणि मग अहमदाबादेत. पहिल्याच बैठकीत तिने मला विचारलं, "सर, खुर्ची म्हणजे काय?"

"बसायची वस्तू," मी म्हणालो.

"एक्झॅक्टली!" तिने ते वहीत लिहून घेतलं. "पण का?"

मी चष्मा काढून पुसला आणि खिडकीबाहेर शिवनेरीकडे पाहिलं. तिला ते उत्तर फार खोल वाटलं. मग ती वस्तूशी संवाद साधण्याबद्दल बरंच बोलली. मी मान डोलावत राहिलो. संगीताच्या बैठकीत मी हेच करतो, तिथे कधी अडचण आलेली नाही.

आता प्रत्येक कलावंताने घरातली एक जुनी वस्तू आणायची होती. आमच्या घरात जुन्याशिवाय काही नव्हतंच, पण अंजनाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, आरशाच्या टेबलासमोर उभं राहून सांगितलं, "हे माझ्या मामांनी दिलंय." कपाट तिच्या काकांनी दिलेलं. पलंग तिच्या वडिलांनी. त्या दिवशी मला कळलं, की घरात माझं स्वतःचं असं फक्त मीच आहे. राहता राहिली तात्यांची खुर्ची.

तात्या म्हणजे माझे वडील, सावळेराम कोंडाजी कुऱ्हाडे. एसटीत ड्रायव्हर होते, बरीच वर्षं जुन्नर-घाटघर गाडीवर. निवृत्त होताना त्यांनी भंगारात निघालेल्या एका गाडीची ड्रायव्हर सीट रीतसर पावती करून विकत घेतली आणि तिला स्वतःच्या हाताने सागवानी पाय ठोकले. ती खुर्ची म्हणजे तात्यांचं संस्थान. तीत बसून ते रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे गिअर ऐकायचे आणि "क्लच घासतोय त्यो" असं आम्हाला सांगायचे. तीत दुसरं कुणी बसलं तर काही बोलायचे नाहीत, नुसते समोर उभे राहायचे. तात्या तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी हडपसरला माझ्या बहिणीकडे होते. मी विचार केला, तात्या येईपर्यंत खुर्चीला फुकटात पॉलिश होईल, नवं रेक्झिन लागेल, प्रदर्शनात चार लोक बघतील आणि ती घरी येईल. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पोरं ज्वालामुखी आणतात आणि संपल्यावर घरी नेतात. माझा प्रदर्शनांचा अनुभव एवढाच.

खुर्ची पाहून श्रेयाच्या डोळ्यांत पाणी आलं. "सर, हिला आपण काय नवं रूप देणार? हे ज्यांनी केलंय तेच खरे डिझायनर आहेत. फक्त त्यांचं नाव येऊ दे." मला जरा लागलं, कारण मी सात-आठ रेखाचित्रं करून नेली होती. ती तिने पाहिलीही नाहीत. नाव लिहायचं काम भिमाजी पेंटरकडे गेलं. जुन्नरातल्या निम्म्या पाट्या आणि सगळ्या ट्रकांच्या मागचे मोर भिमाजीचे. मी त्याला कागदावर तात्यांचं पूर्ण नाव लिहून दिलं, आणि सहामाहीचे पेपर तपासायला घरी गेलो.

प्रदर्शन मंगल कार्यालयात उघडलं त्या दिवशी शाळेत चाचणी परीक्षेवर माझी नेमणूक होती, म्हणून मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या गोजरबाई झाकलेली टोपली घेऊन दारात उभ्या. टोपलीत पिठलं-भाकरी.

"चूल पेटवू नका आज," त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावला. "पर आमाला सांगायचं तरी! भिंतीला भिंत लागून हाय, आन मला बाजारात कळतं!"

"काय कळतं?"

"सर, मन घट करा. जायाचं वय व्हतंच."

मी मन घट्ट केलं, कारण ते कशासाठी करायचं हे कळायला वेळ लागणार होता. तेवढ्यात अंजना बाहेर आली. टोपली पाहून तिलाही कळेना. पिठलं-भाकरी कोणत्या घरी जाते हे आम्हा दोघांना माहीत होतं, फक्त आमच्या घरातलं कोण गेलंय एवढंच समजत नव्हतं. शेवटी गोजरबाईंनी तात्यांचं नाव घेतलं. मी ओरडून सांगितलं, की तात्या ठणठणीत आहेत, काल रात्री बहिणीकडे दोन वेळा चहा मागितला त्यांनी. गोजरबाईंनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं. जाताना त्या अंजनाला दारात म्हणाल्या ते मला ऐकू आलं: "पुन्यातच उरकलंनी जनू. तेराव्याचं जेवान वाचवलं."

शाळेत हेडमास्तरांनी मला वर्गातून बोलावून घेतलं आणि माझ्या डोक्याकडे बघत विचारलं, "केस नाही काढले?" मग स्वतःच म्हणाले, "हल्ली कुणी काढत नाही म्हणा." मी तसाच सायकल दामटत मंगल कार्यालयात गेलो.

खुर्ची मधोमध उंचावर ठेवली होती. पाठीवर पिवळ्याधमक अक्षरांत, लाल सावली देऊन, दोन्ही बाजूंना कमळं काढून लिहिलं होतं: 'कै. सावळेराम कोंडाजी कुऱ्हाडे यांच्या स्मरणार्थ.'

भिमाजी शेजारीच उभा होता, कौतुकाची वाट बघत.

"भिमाजी, हे 'कैलासवासी' कुणी सांगितलं तुला?"

"सांगायचं काय त्यात, सर? धर्मादायाच्या खुर्चीवर नाव टाकायचं म्हंजी स्मरणार्थच आसतं. स्टँडवरली बाकडी बगा, मसणवट्यातली बगा, देवळातली बगा. समदी मीच केलीत. जित्या मान्साचं नाव बाकड्यावर टाकलंय कुनी आजवर?"

मी आठवून पाहिलं. खरंच कुणी टाकलं नव्हतं.

"पूस ते."

"आता न्हाई पुसायचं. ऑइल पेंट हाय. आन मॅडमनी हात लावू नको म्हनून सांगितलंय."

मॅडम म्हणजे श्रेया. मी तिला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "सर, चूक आहे हे कळतंय मला. पण बघा ना जरा. रिकामी खुर्ची, आणि ते नाव. बघणारा तिथेच थबकतो."

"मीही थबकलोय. शनिवारी लिलाव नावाचं काहीतरी आहे असं दारावरच्या फलकावर वाचलं, आणि रविवारी तात्या येतायत."

"लिलाव आहेच की. हे सगळं त्यासाठीच तर आहे."

तिथे मी जवळच्या एका खुर्चीवर बसलो. ती बसायची नसून कुणाची तरी कलाकृती होती, हे स्वयंसेवकाने मला उठवल्यावर कळलं. म्हणजे तात्यांची खुर्ची विकली जाणार होती. आणि तात्या उरलेल्या आयुष्यात समोर नुसते उभे राहणार होते.

मी घेवरचंद शेठकडे धाव घेतली. शेठ फार सज्जन माणूस. त्यांनी मला गादीवर बसवलं, त्यांच्या पत्नी गुलाबबाईंनी आतून सरबत पाठवलं. "सर, तुमचं दुःख मी समजू शकतो," शेठ म्हणाले. मी म्हणालो, दुःखच नाहीये, तीच तर अडचण आहे. तेव्हा त्यांनी कमिटीचा ठराव दाखवला. दान आलेली वस्तू परत द्यायची किंवा बदलायची तर लेखी कारण लागतं. "तात्या हयात आहेत एवढा दाखला आणा. मी स्वतः पुसून देतो."

तलाठी भाऊसाहेब म्हणाले, "मयताचा दाखला लगेच देतो. हयातीचा पाहिजे तर मानूस समक्ष आणा."

"तो पुण्यात आहे. डोळ्याला टाके आहेत."

"आसं म्हनता. पर गाव तर येगळंच म्हनतंय."

गाव नुसतं म्हणून थांबलं नव्हतं. रेशन दुकानदाराने त्या आठवड्यात तात्यांची साखर कापली. वर "सर, तुमी शिक्षक लोकं, निदान तुमी तरी वेळेवर नाव कमी करायचं," असं चारचौघांत सुनावलं. मेलेल्या माणसाची साखर खाणारा मास्तर, अशी माझी कीर्ती कुमशेतपर्यंत गेल्याचं आमच्या शिपायाने मुद्दाम येऊन सांगितलं.

मी एसटीडी बूथमधून बहिणीला फोन केला. बूथमध्ये गर्दी होती आणि लाइनवर खरखर. "तात्या आहेत ना?" मी ओरडलो. मागे उभ्या असलेल्या एकाने टोपी काढली. बहीण म्हणाली, आहेत, आणि घरी जायचं म्हणून रोज भांडतायत. डॉक्टरांनी बजावलंय, की त्यांना वाकू द्यायचं नाही, चिडू द्यायचं नाही, आणि मुख्य म्हणजे डोळ्यात पाणी येऊ द्यायचं नाही. टाक्यांवर ताण येईल. मी फोन ठेवला. ज्या माणसाला चिडू द्यायचं नाही, त्याने घरी यायचं, खुर्ची गेलेली बघायची आणि नव्या डोळ्याने पहिली गोष्ट वाचायची ती स्वतःच्या नावामागचं 'कै.' मला रात्रभर झोप लागली नाही. अंजना एवढंच म्हणाली, "आरशाचं टेबल न्यायला पाहिजे होतं." मी तिच्याकडे पाहिलं, पण ती मनापासून बोलत होती.

आता एकच मार्ग होता. लिलावात खुर्ची आपणच घ्यायची. पतपेढीतून काढता येईल तेवढं काढून मी शनिवारी मंगल कार्यालयात पहिल्या रांगेत बसलो.

लिलाव पुकारायला स्वतः घेवरचंद शेठ. पर्युषणात त्यांच्या जैन मंदिरात पूजेच्या मानाची बोली तेच पुकारतात, त्यामुळे आवाजाला सवय होती. पहिलं आलं एक कपाट. त्याची दारं उलटी बसवून आत झाड लावलं होतं. बोली भराभर चढली, मंचरच्या एका व्यापाऱ्याने ती जिंकली, टाळ्या पडल्या, त्याच्या आईला हार घातला, आणि ते सगळे हात जोडून घरी निघाले. श्रेया कपाटाची किल्ली घेऊन मागे धावली.

"ह्याचं काय करू?" व्यापाऱ्याने गोंधळून विचारलं. "आमची बोली झाली ना?"

मंदिरातली बोली मानाची असते. तिथून कुणी काही उचलून घरी नेत नाही. त्यानंतर तीन खुर्च्या, एक पाळणा आणि कणगीचा केलेला सोफा गेला. पैसे जमा झाले, हार पडले, आणि सगळं फर्निचर होतं तिथेच राहिलं. श्रेया हातात किल्ल्या, कुलपं आणि एक झुंबर घेऊन भांबावून उभी होती. माझ्या मनात मात्र उजेड पडला. कुणीतरी मानाने बोली जिंकेल, हार घालून घरी जाईल, आणि मी रात्री हातगाडी आणून खुर्ची नेईन. बोलायचीही गरज नव्हती. आठवड्यात पहिल्यांदा मी पाय लांब केले.

"आता," शेठ म्हणाले, "कैलासवासी सावळेराम तात्यांची खुर्ची."

मागच्या दाराशी गलका झाला. वीसेक माणसं आत आली. घाटघरची. पुढे एक म्हातारी, डोक्यावरून पदर, हातात मळकं गाठोडं. तिचं नाव साळुबाई. बोली सुरू व्हायच्या आतच तिने आकडा सांगितला.

"आजी, ही तुम्ही मानाची बोली करताय ना?" मी आशेने विचारलं.

"मान नको बाबा. खुर्ची पायजे. टेम्पो आनलाय."

मी पाय आत घेतले आणि तिच्यावर बोली चढवली. सभागृहात टाळ्या झाल्या; मुलगा बापाच्या आठवणीसाठी उभा राहिला म्हणून. तिने वर चढवली. मी आणखी चढवली. आता टाळ्या जरा कमी झाल्या. पतपेढीतले पैसे संपत आले तसा माझा आवाजही बारीक होत गेला. साळुबाई वळून माझ्याकडे बघायला लागली.

"तू त्याचा ल्योक ना? मंग तुला कशाला पायजे? तुज्याकडं बाप व्हता. आमच्याकडं त्याची गाडी व्हती फकस्त." मग ती लोकांकडे वळली. "माजी शेळी गाबन व्हती. जनावर गाडीत न्हाई घ्यायचं म्हनला कंडक्टर. ह्यानं खाली उतरून शेळी उचलली आन आपल्या शिटाच्या मागं बांदली. घाट उतरताना व्याली ती. ह्यानं गाडी कडंला घेतली, नाळ कापस्तोवर. प्याशिंजर बोंबलत व्हतं. तर म्हनतो कसा, बाळंतीन हाय गाडीत, बोंबलू नका. त्या शेळीच्या वंशाचं बोकड इकून आलेत ह्ये पैशे. आमच्या स्टापावर बसाया दगूड सुदिक न्हाई. तिथं ठिवायचीय खुर्ची."

मग एकेक जण बोलायला लागला. कुणासाठी तात्यांनी जुन्नरहून औषध आणलं होतं. कुणाची पोर परीक्षेला उशिरा निघाली म्हणून शेतातून पळत येईपर्यंत हॉर्न वाजवत थांबले होते. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. घरी आल्यावर तात्या फक्त चहा पाणचट झालाय एवढंच म्हणायचे. माझा बाप कसा होता हे मला लोकांकडून, तेही तो मेल्यावर, कळत होतं, आणि तो तर मेलाही नव्हता. मला रडू यायला लागलं. पण खुर्ची सोडून चालणार नव्हतं. मी शेवटचा आकडा सांगायला हात वर केला.

तो हात मागून कुणीतरी मनगटाला धरून खाली ओढला.

"बस खाली."

काळा गॉगल, डोक्याला मफलर, आणि हाताची ती पकड. तात्या. रविवारपर्यंत थांबायला तयार नव्हते, म्हणून बहिणीने सकाळच्या गाडीत बसवून दिलं होतं. स्टँडवर उतरल्यावर एका हमालाने त्यांना पाहून सामान खाली टाकलं आणि पळ काढला, म्हणून काय भानगड आहे ते विचारत विचारत ते इथवर आले होते. किती वेळ मागे बसले होते कोण जाणे.

"तात्या, मी सांगतो सगळं, तुम्ही चिडू नका, डॉक्टरांनी…"

"गप. बोलू दे त्यास्नी," तात्या हळूच म्हणाले. "म्होरल्या टायमाला मला काय ऐकू येनार न्हाई."

साळुबाईची बोली पक्की झाली. घेवरचंद शेठनी जाहीर केलं, की आता कैलासवासींचे चिरंजीव स्वतःच्या हाताने खुर्ची सुपूर्द करतील. मी उठणार तोच तात्या उठले.

"त्याला कशाला तरास? मीच देतो की."

पुढची पाच मिनिटं काय झालं ते नीट सांगता येणार नाही. गोजरबाई किंचाळल्या. शेठच्या हातातला हार खाली पडला. तलाठी भाऊसाहेब खुर्चीवर चढून "समक्ष हायत! समक्ष हायत!" असं ओरडत होते. साळुबाई तेवढी जागची हलली नाही. तिने तात्यांना खालून वर पाहिलं.

"मेला न्हाईस व्हय रं?"

"न्हाई अजून."

"बरं झालं." ती गाठोडं सोडायला लागली. "पर खुर्ची आमचीच हाय."

"तुमचीच हाय," तात्या म्हणाले. गॉगलच्या खालून पाण्याची एक धार मफलरपर्यंत आली होती. मी घाबरून त्यांना डॉक्टरांची आठवण करून दिली. "पानी आतून न्हाई आलं," ते म्हणाले, "औषिद गळतंय." औषधाची बाटली ते तिच्याकडेच विसरून आले होते, हे बहिणीने मला नंतर सांगितलं.

भिमाजी डबा आणि चिंधी घेऊन आला. 'कै.' खरवडून काढतो म्हणाला. श्रेया बाजूला झाली. तात्यांनी खुर्चीजवळ जाऊन नव्या डोळ्याने ती अक्षरं बोट फिरवत वाचली. कमळंही पाहिली.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "अक्षर झ्याक हाय. आन कवातरी लागंलच की."

खुर्ची टेम्पोतून घाटघरला गेली. तिथे एसटीच्या थांब्यावर, पत्र्याखाली ठेवली आहे. बाकीचं फर्निचर वर्षभर मंगल कार्यालयात पडून होतं. उलट्या दारांच्या कपाटात लग्नाच्या पंगतीची पातेली ठेवायचे. दवाखान्याचं यंत्र आलं. तात्यांची साखर काही आमच्या कार्डावर परत चढली नाही. त्यासाठी मी अजून फेऱ्या मारतो.

आम्ही तात्यांसाठी नवी आरामखुर्ची आणली. ते तीत बसत नाहीत. महिन्या-दोन महिन्यांनी सकाळच्या गाडीने घाटघरला जातात, थांब्यावरच्या आपल्या खुर्चीत दिवसभर बसतात आणि शेवटच्या गाडीने परत येतात. एकदा मीही बरोबर गेलो होतो. नाणेघाट बघायला आलेला एक शहरी माणूस गाडीची वाट बघत उभा होता. त्याने पाठीवरची अक्षरं वाचली आणि तात्यांनाच विचारलं, "आजोबा, हे सावळेराम कोण होते?"

तात्यांनी जरा विचार केला.

"डायवर व्हता," ते म्हणाले. "मानूस चांगला व्हता म्हनत्यात." आणि उठून त्याला बसायला जागा करून दिली.